क्रियापदांच्या कार्डांचा खेळ: मुलं हालचाल करतात, पण मराठीत बोलत नाहीत

कवडसा (म्यूनिक):
नमस्कार मंडळी. दर शनिवारी सकाळी मी आमच्या भागातल्या मराठी मुलांचा वर्ग घेते. मुलं चार ते सहा वर्षांची. घरी मराठी कानावर पडतं, पण आपसात सगळं जर्मन. पोळी, चप्पल, हत्ती, आजी असे शब्द भरपूर येतात. क्रियापदांचं मात्र सगळं ‘कर’वर भागवतात. उडी कर, टाळी कर, गाणं कर.

म्हणून मी कार्डं केली. एकेका कार्डावर एक मूल: उडी मारणारं, धावणारं, नाचणारं, झोपलेलं. गोल बसायचं, एकाने कार्ड ओढून तसं करून दाखवायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. मुलांना खेळ फार आवडतो. पण ओळखताना जर्मनमध्ये ओरडतात, नाहीतर नुसतं ‘उडी!’ म्हणतात. मोठी दोघं सगळ्यांच्या आधी उत्तर देऊन टाकतात. पाच वर्षांची एक मुलगी आईच्या मांडीवरून उठतच नाही. आणि एक मुलगा ‘मी जाते, मी खाते’ असं बोलतो, कारण बाबा अमराठी, मराठी ऐकतो ते फक्त आईकडून.

शिवाय हॉल वरच्या मजल्यावर, जमीन लाकडी. धावाधाव झाली की खालून तक्रार येते. कार्डं बदलू की खेळ बदलू?

पाटीपेन्सिल (नाशिक):
कवडसा, मी वयाने बरीच मोठी असणार, म्हणून अगंतुगं करते, चालेल ना? माझी सगळी नोकरी बालवाडीत गेली. आता निवृत्त झाले तरी गल्लीतली पोरं दुपारी ओट्यावर हजर असतात.

कार्डं राहू देत, खेळ उलटा कर. तुझ्या खेळात ज्या मुलाचं अंग हलतंय, त्याच्या कानावर मराठी शब्द पडतच नाही. ते चित्र बघतं आणि करतं, बाकीचे बसून अंदाज बांधतात. शब्द आधी कानावर पडला पाहिजे आणि त्या शब्दासरशी अंग हललं पाहिजे. सुरुवातीला कार्डं तुझ्याच हातात ठेव. तू कार्ड उलटं करून म्हण, ‘उडी मार!’ सगळ्यांनी मारायची, तूही मारायचीस. मुलांकडून एकही शब्द मागू नकोस. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६०च्या दशकात परकी भाषा शिकवण्यासाठी हेच मांडलं होतं: ऐका, तसं करा, बोलायची घाई नको. आपल्या घरात तरी दुसरं काय होतं? ‘टाटा कर’ म्हटलं की बाळाचा हात हलतो, बोलायला लागायच्या कितीतरी आधी.

ऐकून बिनचूक करायला लागली की मग हुकूम मुलांकडे द्यायचा. ‘शिवाजी म्हणतो’ आपण सगळेच खेळलोय, तसंच, फक्त हातात कार्ड. आता एक नियम घाल: नुसतं ‘उडी!’ म्हटलं तर कुणी जागचं हलायचं नाही, ‘उडी मार’ म्हटलं तरच मारायची. तू चूक दाखवायची गरजच नाही. सगळे पुतळ्यासारखे उभे राहिले की हुकूम देणारं पोर स्वतःच उरलेला शब्द शोधतं. आपल्याकडे अशा जोड्या किती तरी आहेत. लंगडी घाल, गिरकी घे, टाळी वाजव, जांभई दे, कोलांटी मार. इथे ‘कर’ का चालत नाही हे चार वर्षांच्या मुलाला समजावून सांगता येत नाही. ते कानात बसावं लागतं, म्हणून कार्ड बघून ‘लंगडी’ असं कधी म्हणू नकोस, प्रत्येक वेळी ‘लंगडी घाल’.

एका वेळी पाच-सहाच कार्डं. चाल आणि धाव एकाच दिवशी आणू नकोस, चित्रात दोन्ही सारखीच दिसतात. ओढ आणि ढकल मात्र जोडीनेच आण, एक खुर्ची पुरते. आणि चुकलेल्या मुलाला ‘तू बाद’ म्हणून बसवू नकोस. ज्याला सरावाची सगळ्यांत जास्त गरज, तोच बाहेर बसतो. चुकला तर पुढचं कार्ड त्याने ओढायचं, एवढंच.

आता तुझी जमीन. ‘क्रिया’ म्हटलं की आपण उड्या आणि धावणंच का धरतो? हाताच्या क्रिया काढ. एका कार्डावर फक्त वस्तू काढायची, मूल नाही. कागदाचं कार्ड आलं की प्रत्येकाला रद्दीतला एकेक कागद द्यायचा आणि हुकूम सुरू: दुमड, उलगड, चुरगाळ, सरळ कर, फुंकर मार, फाड. ‘चुरगाळ’ म्हटलं की खोलीभर नुसता कागदाचा आवाज होतो आणि पोरं खूश. रुमालाचं कार्ड: भिजव, पिळ, झटक, वाळत घाल, घडी घाल. खालच्या मजल्यावर कुणाला पत्ताही लागणार नाही.

कणकेचं कार्ड तर मी कधी सोडलं नाही. माझ्याकडे चार वर्षांचा एक मुलगा होता, घरी कन्नड, आईवडील बांधकामावर. मराठी जवळजवळ नाहीच. मी ‘लाट’ म्हटलं की दुसऱ्या मुलांकडे बघून लाटणं फिरवायचा. ‘थाप’ म्हटलं तेव्हा मात्र त्याने कुणाकडे पाहिलं नाही. लाटणं बाजूला ठेवलं, गोळ्याला खाली पीठ लावलं, तळहात पाण्यात बुडवला आणि बोटं जुळवून कडेकडेने गोल फिरवत थापायला लागला. रोज आईला भाकरी थापताना बघत होता ना. बाकीची मुलं कणीक नुसती बडवत होती. मी त्यांना थांबवलं आणि म्हटलं, बघा, हा कसा थापतोय. मग त्यालाच हुकूम द्यायला उभं केलं. त्याचा माझ्या वर्गातला पहिला मराठी शब्द ‘थाप’. म्हणून सांगते, मुलांच्या हातांना जे आधीच येतं, तिथून कार्डं निवड. म्यूनिकची मुलं बर्फ उकरत असतील, स्लेज ओढत असतील, सायकल चालवत असतील. तीच आण.

लॅमिनेशनवर पैसे घालू नकोस. आमच्या प्रशिक्षणात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामावर भर असायचा. १९४५मध्ये बोर्डीला त्यांनी खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं ते आजूबाजूची पानं, बिया, शिंपले घेऊन. मी जुन्या लग्नपत्रिका कापायचे. जाड असतात, मागची बाजू कोरी मिळते. चित्र मुलांकडूनच काढून घे, वेडंवाकडं असलं तरी आपलं कार्ड मूल लांबूनही ओळखतं.

वाटसरू_मास्तर (धारणी):
बाईंनी सगळं सांगितलंच आहे. मी मेळघाटात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवतो. मुलांच्या घरी कोरकू, मराठी शाळेतच पहिल्यांदा. माझ्या अनुभवातल्या दोन गोष्टी सांगतो.

मूल घरच्या भाषेत ओरडलं तर थांबवू नका. तो अर्थ कळल्याचा पुरावा आहे. मी म्हणतो, ‘बरोबर, आता मला शिकव.’ ते कोरकू शब्द सांगतं, मी तशी कृती करतो, मी चुकलो की वर्ग हसतो. मग माझी पाळी, मी मराठी शब्द देतो. तुमच्याकडे जर्मनचं असंच करता येईल.

दुसरं, सुटे हुकूम पक्के झाले की दोन कार्डं एकदम काढा. ‘गिरकी घेऊन बस.’ ‘दार उघडून टाळी वाजव.’ ‘दबकत जाऊन घंटा वाजव.’ आमची पोरं वाक्य जोडायला इथेच शिकली. नुसतं ‘आणि, आणि’ करत बोलायची, ते कमी झालं. क्रम उलटा केला तर आणखी मजा, बसून गिरकी घेता येत नाही हे पोरंच ओरडून सांगतात.

ओंजळ (पुणे):
मी स्पीच थेरपिस्ट आहे. मांडीवरून न उठणाऱ्या मुलीबद्दल लिहिते. तिला गोलात ओढू नका आणि ‘बघा, ती पण करणार आता’ असंही म्हणू नका. आईला मांडीसकट खेळात घ्या. बसूनच करायच्या क्रिया ठेवा: डोळे मिट, नाक धर, गुडघे चोळ, आईच्या पाठीवर थापट. पुढच्या वेळी कार्डांचा गठ्ठा तिच्या हातात द्या, तिने नुसतं वरचं कार्ड उलटं करायचं, हुकूम तुम्ही द्या. बऱ्याच मुलांना खेळाची सूत्रं हातात आली की आवाज फुटतो. आठवडे लागले तरी लागू देत. मात्र घरीही ती कुठल्याच भाषेत फारशी बोलत नसेल, तर आईशी बाजूला बोला आणि श्रवणतपासणी करून घ्यायला सुचवा.

कवडसा (म्यूनिक):
तुम्हा तिघांचे मनापासून आभार! घरी ती भरपूर बोलते, जर्मन आणि मराठी दोन्ही. गठ्ठा तिच्याच हातात देते. पाटीपेन्सिलताई, ‘मी जाते’ म्हणणाऱ्या मुलाचं काय करू? हुकुमात तर मुलगा-मुलगी फरकच नाही.

पाटीपेन्सिल (नाशिक):
बरोबर बोललीस. हुकूम सगळ्यांना सारखा, म्हणून तो पक्का झाल्याशिवाय इकडे येऊच नकोस. मग एक मुलगा आणि एक मुलगी शेजारी उभे कर, दोघांना एकच कार्ड. ती कृती करत असतानाच विचार, ‘काय करतोयस?’ आणि ‘काय करतेयस?’ तो म्हणेल ‘नाचतोय’, ती म्हणेल ‘नाचतेय’. थांबल्यावर ‘काय केलंस?’ तर ‘नाचलो’, ‘नाचले’. ‘उडी मारली’ मात्र दोघांचं एकच येईल. त्याचं कारण सांगत बसू नकोस, ऐकून ऐकून वळण पडतं.

पण त्याला पुरुषाच्या तोंडचं मराठी ऐकायला मिळणं जास्त गरजेचं. आजोबा आहेत का इकडे? त्यांना व्हिडिओ कॉलवर खेळात घ्या. आजोबांनी कार्ड काढायचं, स्वतः ते करायचं आणि म्हणायचं, ‘मी हात हलवतो, मी डोकं खाजवतो, मी चहा ढवळतो.’ नातवाने तेच म्हणत तेच करायचं. आणि वर्गाला येणाऱ्या मुलांचे मराठी बाबा बाहेर गप्पा मारत उभे असतील, तर त्यांनाही आलटून पालटून आत बोलव. त्याने ‘जाते’ म्हटलं तर टोकू नकोस. ‘हो का, तू जातोस? जा, जा’ एवढंच म्हण आणि पुढचं कार्ड काढ.