गच्चीवरच्या कुंड्यांसाठी कुठलं बी मागवायचं?

सावंत काकू (ए-२०४): गणपती झाले, आता बी मागवू. रविवारपर्यंत यादी पक्की करायची आहे. नुसतं 'भेंडी', 'टोमॅटो' लिहू नका, जातीचं नाव लिहा.

नीलेश (बी-५०१): काकू, सुधारित की संकरित? दुकानात तर सरसकट हायब्रीडच हातात देतात.

देशपांडे काका (सी-१०३): पाकिटावर एफ-१ लिहिलं असेल तर ते संकरित, म्हणजे दोन वेगळ्या वाणांच्या संकराची पहिली पिढी. त्याच्या फळातलं बी धरून पुढच्या वर्षी लावलं की प्रत्येक झाड वेगळ्या तऱ्हेचं निघतं. सुधारित जातीचं बी घरी धरता येतं, म्हणून भेंडी, वाल, वांगी, माठ सुधारितच घ्या. फक्त भेंडीच्या दोन जाती शेजारी असतील तर मधमाश्या भेसळ करतात. बियांसाठी ठेवायच्या कळीला आदल्या संध्याकाळी पातळ कापडाची पिशवी बांधा, फूल गळलं की सोडा.

रश्मी (बी-३०२): भेंडीत परभणी क्रांती की अर्का अनामिका?

देशपांडे काका: दोन्ही हळद्याला, म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या करणाऱ्या विषाणूरोगाला, प्रतिकारक म्हणून काढलेल्या. पहिली परभणीच्या कृषी विद्यापीठाची, दुसरी बंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेची. प्रतिकारक म्हणजे रोग येणारच नाही असं मात्र नाही. पान उन्हात धरून बघा: शिरा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा, अशी जाळी दिसली तर हळद्या. खालची जुनी पानं सबंध पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे, खत द्या. हळद्याचं झाड लगेच उपटा, पांढरी माशी तो शेजारच्या कुंडीत नेते. आणि एका कुंडीत एकच झाड, कुंडी किमान १२ इंची.

सावंत काकू: वांगी आणि टोमॅटोला आपल्या दमट हवेत खरी भीती जिवाणूजन्य मरची. झाड हिरवंगार असतानाच दुपारी मान टाकतं, पाणी घातलं तरी उठत नाही. खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात उभा धरायचा. पाच मिनिटांत दुधाळ धागा खाली उतरला तर मरच. त्या कुंडीतली माती परत वांगी, टोमॅटो, मिरचीला वापरायची नाही, जिवाणू मातीतच राहतो. म्हणून जात निवडतानाच बघायचं: टोमॅटोत अर्का रक्षक (हा एफ-१ आहे, मर, करपा आणि पानं आकसणाऱ्या विषाणूला प्रतिकारक), वांग्यात अर्का निधी किंवा अर्का केशव. टोमॅटोची रोपं आता टाकली तर फळ थंडीत धरेल. मार्चनंतर उकाड्यात बहुतेक जातींची फुलं गळतात.

अनघा (ए-६०१): वाल जूनमध्ये लावला की नुसता वेल वाढतो, फूल नाही. का?

सावंत काकू: आपला पारंपरिक वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही गं. दापोली विद्यापीठाचा कोकण भूषण बुटका आहे आणि दिवसाच्या लांबीवर अवलंबून नाही. गच्चीला तोच बरा, मांडव लागत नाही.

नीलेश: वरच्या मजल्यांवर मधमाश्या नसतात. काकडी, कारली लावायची तर?

देशपांडे काका: हाताने परागीकरण. ज्या फुलामागे चिमुकलं फळ ते मादी, नुसत्या देठावरचं नर. काकडी-कारल्याला सकाळी, दुधी-दोडक्याला संध्याकाळी, फुलं तेव्हाच उमलतात.

रश्मी: पाकिटावर नक्की काय बघायचं?

देशपांडे काका: चाचणीची तारीख, वैधता, उगवणशक्ती. भेंडीला किमान ६५ टक्के, टोमॅटो-वांग्याला ७०, मिरचीला ६०. घरी पडताळायचं तर २० बिया ओल्या टिश्यूत गुंडाळून डब्यात ठेवा. भेंडीच्या १३ आणि टोमॅटोच्या १४ उगवल्या पाहिजेत. गुलाबी-निळं बी बुरशीनाशक लावलेलं असतं, ते भिजवू नका आणि मुलांच्या हाती लागू देऊ नका. साधं कारल्याचं बी टोकाशी किंचित कापून रात्रभर भिजवा.

अनघा: उरलेलं बी?

सावंत काकू: सिलिका जेलची पुडी टाकून घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रिजमध्ये. बाहेर काढल्यावर लगेच उघडायची नाही, बरणी खोलीइतकी गरम होऊ द्यायची, नाहीतर आत दव धरतं. पूर्वेच्या गॅलरीत तीन-चारच तास ऊन असेल त्यांनी फक्त माठ, पालक, मेथी लिहा. नावं शनिवारी रात्रीपर्यंत.