आईला तिचं ऑपरेशन नेमकं काय आहे तेच लक्षात राहत नाहीये, कसं सांगू?

निळीशाई:
आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलंय, दुर्बिणीने, अजून बारा दिवस आहेत. वय 67, डोकं एकदम तल्लख, मोठमोठे हिशोब तोंडी करते, म्हणजे विसरभोळेपणाचा प्रश्नच नाही. सर्जननी चांगली वीस मिनिटं बसून समजावलं, मी शेजारीच होते, आई मान डोलवत होती, शेवटी ते म्हणाले समजलं ना, तर ही म्हणे हो डॉक्टर, सगळं समजलं. लिफ्टपाशी मी सहज विचारलं काय गं म्हणाले, तर "खडे काढणारेत, बाकी काही नाही". अगं खडे नाही, अख्खं पित्ताशय काढणारेत! परत सांगितलं. दोन दिवसांनी मावशीला फोनवर सांगत होती की खडे काढतात आणि पिशवी परत शिवून टाकतात. मी चिडले, नव्हतं चिडायला पाहिजे. संमतीचा फॉर्म घरी वाचायला दिलाय, तो चार घड्या घालून पर्समध्ये आहे. घाबरणार पण नाही आणि डोक्यात पण राहील असं कसं सांगायचं?

रात्रपाळी:
ताई, सर्जिकल वॉर्डात चौदा वर्षं काढली, असे पेशंट रोज बघते. पहिलं म्हणजे "समजलं ना" हे विचारणं बंद करा, त्याला नाही म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. त्याऐवजी आपण म्हणायचं "मी नीट सांगितलं की नाही ते बघायचंय, तुझ्या शब्दात सांग बरं काय करणारेत". म्हणजे परीक्षा आपली, त्यांची नाही. ट्रेनिंगमध्ये याला टीच-बॅक म्हणतात. तुमच्या मावशींच्या फोनने तर ते आयतंच करून दिलं, आई कुठे अडकल्यात ते कळलं ना! आता सगळं पुराण परत लावू नका, चुकलेला तेवढाच तुकडा सांगा आणि परत त्यांच्याकडून ऐका.
आणि "पिशवी परत शिवतात" हे विसरणं नाही वाटत मला, भीती वाटते. अवयवच काढला तर खाल्लेलं पचणार कसं, हे डोक्यात असेल. त्यांना सांगा की पित्त लिव्हरमध्ये तयार होतं, पित्ताशय फक्त साठवायची जागा, ती गेली तरी पित्त लिव्हरमधून थेट आतड्यात जातं. नुसते खडे काढून पिशवी ठेवली तर परत खडे होतात म्हणून पिशवीच काढायची. कारण कळलं की गोष्ट डोक्यात बसते, नुसती सूचना सांगितली तर या कानाने ऐकून त्या कानाने सोडतात.

टाकेवाला:
सर्जरीचा रेसिडेंट आहे, आधी आमची चूक कबूल करतो, ओपीडीत आम्ही शंभरच्या स्पीडने बोलतो. 2003 मध्ये यावर एक लेख आला होता, डॉक्टरांनी सांगितलेल्यापैकी 40 ते 80 टक्के माहिती पेशंट लगेच विसरतो आणि जे आठवतं त्यातलं जवळपास निम्मं चुकीचं असतं. त्यामुळे वीस मिनिटांचं भाषण पेशंटच्या नाही, बोलणाऱ्याच्या समाधानासाठी असतं असं माझं मत झालंय.
मी आता चित्र काढतो. चित्रकला भयंकर आहे, लिव्हर म्हणजे वडा दिसतो, पण पेनाने पोटावर चार टिंबं दाखवली की पेशंट स्वतः बोट ठेवून विचारतात इथून कॅमेरा का. आईंना एवढंच पक्कं करा: साधारण चार छोटी भोकं, त्यातून पिशवी बाहेर, पोट फुगवायला गॅस भरतात म्हणून नंतर एक-दोन दिवस खांदा दुखू शकतो (हे नाही सांगितलं तर रात्री दोनला हार्ट अटॅक समजून सगळे पळापळ करतात), आणि आत फार चिकटलेलं असेल तर मोठा छेद घ्यावा लागू शकतो, ती फजिती नाही, सेफ्टी आहे. धोके सांगताना टक्के नको, शंभर माणसं डोळ्यासमोर उभी करा, त्यातल्या किती जणांना त्रास होतो आणि किती जणांना होत नाही, दोन्ही बाजू सांगायच्या. आकडा मात्र तुमच्या सर्जनकडूनच घ्या. बोलणं फोनवर रेकॉर्ड करायचं तर विचारून करा, बहुतेक जण हो म्हणतात.

उगाचच:
मी जरा वेगळं बोलतो. माझ्या वडिलांना आम्ही इतकं समजावलं की आदल्या रात्री झोप नाही, सकाळी बीपी वर, ऑपरेशन पुढे ढकललं. काही माणसांना माहिती नको असते हो, तुम्ही काय ते बघा म्हणतात, त्यांना कशाला छळायचं?

रात्रपाळी:
@उगाचच दादा, बरोबर आहे, म्हणून आधी विचारायचं किती ऐकायचंय. पण दोन गोष्टींना सूट नाही, कुठल्या गोळ्या बंद करायच्या आणि किती तास उपाशी राहायचं. आणि आदल्या रात्री समजवायला बसू नका, रोज थोडं थोडं सांगा. उपाशी का, तेही सांगा, भूल दिल्यावर पोटातलं उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. हे माहीत असलेला पेशंट चोरून बिस्किट खात नाही.

डावाहर्निया:
पेशंटच्या बाजूने सांगतो. टेबलावर झोपवल्यावर भूल द्यायच्या आधी त्यांनी मला विचारलं, नाव काय, कसलं ऑपरेशन, कुठल्या बाजूचं. माझा जीवच गेला, म्हटलं यांनाच माहीत नाही की काय! नंतर कळलं 2008 साली डब्ल्यूएचओने आणलेल्या चेकलिस्टमधला भाग आहे, मुद्दाम पेशंटकडून वदवून घेतात. आईंना हे आधीच सांगून ठेवा, आणि हेच पाठ करायचं कारण म्हणून वापरा. दुसरं, शुद्धीवर आल्यावर डॉक्टर येऊन सगळं सांगून गेले म्हणे, मी हसून थँक्यू पण म्हटलं म्हणे, मला एक अक्षर आठवत नाही. भुलेच्या काही औषधांनी तेव्हाचं लक्षातच राहत नाही. त्यामुळे घरी जायच्या सूचना ऐकायला तुम्ही तिथे पाहिजे, आणि लेखी घ्या.

निळीशाई:
सगळ्यांना थँक्यू. काल तोच फॉर्म पर्समधून काढला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मी चित्र काढलं, माझं लिव्हर पण वड्यासारखंच आलं, आई हसायलाच लागली. मग तिनेच पेन घेऊन चार टिंबं दिली आणि म्हणाली "पिशवी या बेंबीतल्या भोकातून काढणार का, मग एवढुश्या भोकातून खडे कसे बाहेर येतील?" मला उत्तर आलं नाही. आणि फॉर्म वाचता वाचता विचारलं, शुगरची गोळी त्या दिवशी सकाळी घ्यायची का, हे तर आम्हाला कोणी सांगितलंच नाहीये.

टाकेवाला:
पिशवी आतल्या आत एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून काढतात, खडा मोठा असेल तर भोक थोडं वाढवतात. शुगरच्या गोळीचं मात्र थांबू नका, उद्याच फोन करा. काही प्रकारच्या गोळ्या तीन-चार दिवस आधी बंद करतात, काही फक्त त्या सकाळी. नुसतं गोळीचं नाव सांगू नका, स्ट्रिप घेऊन भूलतज्ज्ञांकडे जा, आणि प्रश्न आईंनाच विचारू द्या.