कलाकृती विकत घेतली म्हणून ती पाडायचा हक्क मिळतो का?

रेघोट्या:
दिल्लीच्या विज्ञान भवनात शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं म्युरल, म्हणजे भिंतीवरचं शिल्प, होतं, १४० फूट लांब, ४० फूट उंच. काम सरकारनेच १९५७ मध्ये दिलं आणि १९७९ मध्ये डागडुजीच्या नावाखाली सरकारनेच ते काढून गोदामात टाकलं, ज्याने बनवलं त्याला साधं विचारलंही नाही. १९९२ ला सहगल कोर्टात गेले, निकाल लागला २००५ ला, ५ लाख भरपाई आणि उरलेलं म्युरल परत. कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ सांगतं की हक्क विकले तरी कामावर आपलं नाव सांगायचा आणि नाचक्की होईल अशी मोडतोड अडवायचा अधिकार कलाकाराकडेच राहतो. माझं म्हणणं, त्यात पाडून टाकणंही आलंच पाहिजे.

नगररचना:
साफ असहमत. जागा ज्याची, निर्णय त्याचा. दिल्लीच्या प्रगती मैदानातली हॉल ऑफ नेशन्स ही प्रदर्शनाची इमारत २०१७ ला पाडली, आर्किटेक्ट राज रेवाल कोर्टात गेले आणि २०१९ ला हरले. कोर्ट म्हणालं, जे दिसतच नाही त्याने अब्रू कशी जाईल? शिवाय काम प्रदर्शनात न ठेवणं म्हणजे हक्कभंग नाही, हे १९९४ पासून कायद्यातच आहे. उद्या शाळेला वर्ग वाढवायचेत आणि भिंतीवर चित्र आहे, तर काय करायचं?

रेघोट्या:
म्हणजे पुतळ्याचं नाक तोडलं तर गुन्हा आणि अख्खा पुतळा फोडला तर माफ? सहगल निकालात हेच तर म्हटलंय, नष्ट करणं ही मोडतोडीचीच टोकाची पायरी, कारण कलाकाराच्या आयुष्यभराच्या कामातला एक तुकडाच कमी होतो.

भिंतीवाला:
मी भिंती रंगवतो. एका ऑफिसात केलेल्या चित्राच्या मधोमध एसीचा पाइप घातला, मग ते वाईट दिसतं म्हणून वरून पांढरा डिस्टेंपर मारला, मला कळलं दुसऱ्याच कुणाकडून. इमारत अडवायची कुणाला हौस नाही हो, आधी फोन करा, फोटो तरी काढू द्या. न्यूयॉर्कात फाइव्हपॉइंट्झ या ग्राफिटीने भरलेल्या इमारतीच्या मालकाने २०१३ मध्ये रातोरात त्या चित्रांवर चुना फिरवला, मुदतीची नोटीस न देता, आणि २०१८ ला कोर्टाने त्याला ६७ लाख डॉलर भरायला लावले.

नगररचना:
नोटीस द्यावी, मान्य. पण काढून न्यायचा खर्च मालकाच्या माथी नको, ज्याला हवं त्याने स्वतःच्या पैशाने न्यावं.

रेघोट्या:
फ्रेम असेल तर नेईलही, पण थेट प्लास्टरवर रंगवलेलं तो कसं नेणार? तिथे पाडायच्या आधी नीट फोटो, मोजमाप आणि कलाकाराला मोबदला, एवढं तरी करारात सक्तीने हवं, आणि सरकारी कामात तर आधी हवं.