अलीकडच्या चित्रपटांपैकी आमच्या चित्रमंडळाने कोणते निवडावेत?

मांजराकाठ (अंबाजोगाई)

नमस्कार. आम्ही काही प्राध्यापक, वकील आणि डॉक्टर मंडळी मिळून महिन्यातून एका शनिवारी एका महाविद्यालयाच्या सभागृहात चित्रपट दाखवतो आणि नंतर तासभर त्यावर चर्चा करतो. आमच्या भागात एखादा वेगळा मराठी चित्रपट लागलाच, तर त्याला दुपारचा एखादा खेळ मिळतो आणि पुढच्या शुक्रवारी तो उतरलेला असतो, त्यामुळे गेल्या दोन वर्षांत ज्यांची वृत्तपत्रांतून बरीच चर्चा झाली त्यांपैकी निम्मे चित्रपट आमच्या सभासदांनी पाहिलेलेच नाहीत. पुरवण्यांतील समीक्षणे वाचून निवड करावी म्हटले, तर तेथे बहुतेक वेळा कथानकाचा सारांश, दोन ओळी अभिनयावर, एक ओळ संगीतावर आणि शेवटी साडेतीन तारे एवढेच हाती लागते.

मंडळात सध्या दोन तट पडले आहेत. शेती, दुष्काळ, ऊसतोड, स्थलांतर अशा आपल्या भागाशी नाते सांगणाऱ्या विषयांवरचेच चित्रपट दाखवावेत असे एका गटाला वाटते. दिवसभर जे भोगतो तेच रात्री पडद्यावर कशासाठी पाहायचे, असा दुसऱ्या गटाचा रोकडा प्रश्न आहे. यादीत ‘पाणी’, ‘स्थळ’, ‘साबर बोंडं’, ‘गोंधळ’, ‘दशावतार’, ‘आता थांबायचं नाय’, ‘छावा’ आणि हिंदीतील ‘होमबाउंड’ ही नावे आहेत. येथे वेरूळकर सातत्याने चित्रपटांवर लिहितात. त्यांनी आणि इतर जाणकारांनी भीडभाड न ठेवता मत द्यावे, ही विनंती.

वेरूळकर (छत्रपती संभाजीनगर)

आपल्या दोन्ही गटांनी वाद विषयावर घातला आहे आणि माझी अडचण तेथूनच सुरू होते. विषय जवळचा असला की चित्रपट आपोआप चांगला ठरत नाही आणि विषय दूरचा असला म्हणून तो आपला होत नाही असेही नाही. दिग्दर्शकाने त्या विषयातून पाहण्यासारखे, ऐकण्यासारखे काय उभे केले आहे आणि प्रेक्षकाच्या समजुतीवर त्याने किती भरवसा ठेवला आहे, एवढेच मी पाहतो.

या कसोटीवर आपल्या यादीत मी पहिले नाव ‘स्थळ’चे घेईन. जयंत दिगंबर सोमलकर यांचा हा चित्रपट 2023 साली टोरांटो महोत्सवात आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार घेऊन आला आणि आपल्याकडे मार्च 2025 मध्ये लागला. गाव चंद्रपूर जिल्ह्यातले, पीक कापसाचे, पात्रे बहुतांशी गावातलीच आणि गोष्ट मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमाची. चित्रपट उघडतो तेव्हा बायका बैठकीत बसलेल्या असतात आणि एका तरुणाला समोर बसवून त्यालाच नाव, शिक्षण, उंची विचारत असतात. ते नायिका सविताचे स्वप्न आहे हे नंतर उलगडते. पुढे तोच कार्यक्रम खऱ्या बैठकीत, खऱ्या पुरुषांसमोर पुन्हा पुन्हा घडतो. दिग्दर्शक प्रसंग जवळजवळ तसाच ठेवतो आणि प्रत्येक फेरीत आपले लक्ष निराळ्या जागी जाते: एकदा प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजातील सवयीकडे, एकदा वडिलांच्या अवघडलेल्या बसण्याकडे, एकदा आतल्या दाराशी उभ्या असलेल्या आईकडे. पुनरावृत्ती हीच येथे रचना आहे. दुसऱ्या फेरीला आपण हसतो, चौथ्या फेरीला ते हसू आपल्यालाच खटकू लागते आणि त्यासाठी एकाही पात्राला भाषण करावे लागत नाही. हुंड्याचा हिशेब कापसाच्या भावाशी कसा बांधलेला असतो, हे इतक्या थोड्या शब्दांत सांगणारा दुसरा मराठी चित्रपट मला अलीकडे आठवत नाही.

‘साबर बोंडं’ याच्याही पुढे जातो, पण तो अधिक धीर मागतो. रोहन परशुराम कानवडे यांच्या या चित्रपटाला जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळाले. वडील वारल्यावर मुंबईत नोकरी करणारा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो, त्याची बालपणीच्या मित्राशी, बाळ्याशी गाठ पडते आणि त्या दोघांतील प्रेम सुतकाच्या विधिनिषेधांमधून वाट काढत राहते. ‘लग्न कधी करतोस’ हा प्रश्न नातेवाईक ज्या सहजतेने आणि ज्या चिकाटीने विचारत राहतात, त्यात या चित्रपटाचा सगळा ताण आहे. कॅमेरा फारसा हलत नाही आणि कोणत्या क्षणी काय वाटून घ्यावे हे सांगायला संगीत पुढे येत नाही. आईचे पात्र तर मराठी पडद्याने मुद्दाम जपून ठेवावे असे आहे. आपल्या सभासदांपैकी काहींना विषय पचणार नाही, हे मी गृहीत धरतो. तरीही हा चित्रपट वगळू नये, कारण सुतकाच्या घरातील वेळ इतक्या अचूकपणे पडद्यावर क्वचितच आलेला आहे.

‘पाणी’बद्दल माझे मत मराठवाड्यात अनेकांना आवडत नाही. नांदेड जिल्ह्यातील नागदरवाडीच्या हनुमंत केंद्रे यांच्या खऱ्या कामावर आदिनाथ कोठारे यांनी तो केला, 66व्या राष्ट्रीय पुरस्कारांत पर्यावरण विषयावरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान त्याला मिळाला आणि तरीही चित्रपटगृहात यायला त्याला ऑक्टोबर 2024 उजाडावे लागले. गावाला पाणी नाही म्हणून पोराला पोरगी मिळत नाही, ही त्याची सुरुवात अस्सल आहे. सुवर्णा आणि हनुमंत यांच्यातील अवघडलेपण जोवर केंद्रस्थानी असते, तोवर चित्रपट जिवंत राहतो. पण पुढे गावाचा विरोध, मग मनधरणी, मग श्रमदान आणि मग यश असा सरळ चढता आलेख सुरू होतो आणि पुढचा प्रसंग कोणता येणार हे आपल्याला आधीच कळू लागते. नायकाच्या हेतूबद्दल शंका नाही, पण चित्रपट त्याच्या कामापेक्षा त्याच्या निर्धारावर अधिक रेंगाळतो.

‘दशावतार’ पाहावा तो दिलीप प्रभावळकरांसाठी. ऐंशी ओलांडलेला हा नट बाबुली मेस्त्रीच्या भूमिकेत शरीराने जे करतो ते थक्क करणारे आहे, आणि पूर्वार्धातील दशावतारी कलावंताचे घर, त्याचा रंग, त्याची थकत चाललेली दृष्टी हे सारे मन लावून टिपलेले आहे. उत्तरार्धात खाणीचा प्रश्न सूडकथेच्या हवाली केला गेला, आणि एकदा सूड सुरू झाला की प्रश्नाची गुंतागुंत कोणालाच नको असते. ‘आता थांबायचं नाय’ हा मुंबई महापालिकेच्या चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांच्या दहावीच्या परीक्षेवरचा सरळ, उबदार चित्रपट आहे. डोळे पुसायला लावतो, फसवत नाही, पण चर्चेला फार जागाही ठेवत नाही. ‘छावा’ आपल्या सर्व सभासदांनी पाहिलेला असणारच. विकी कौशलची मेहनत मान्य करूनही संभाजीराजांचे संस्कृतवरचे प्रभुत्व, त्यांचे राजकारण, त्यांचा एकाकीपणा हे सारे त्या गर्जनांत बुडाले, असे माझे मत आहे.

कंधारकर (नांदेड)

वेरूळकरांचे ‘स्थळ’विषयीचे विवेचन मनापासून पटले. ‘पाणी’वरचे पटले नाही. आलेख सरळ आहे असे आपण म्हणता, पण पाणलोटाच्या कामाचा आलेख तसाच असतो: पहिले वर्ष कोणी येत नाही, दुसऱ्या वर्षी दहाजण येतात, बांध धरून राहिला आणि विहिरीला पाणी दिसले की सगळे गाव येते. हे ज्याने बालाघाटच्या उतारावरच्या गावांत पाहिले आहे, त्याला तो पटकथेचा ठोकळा वाटणार नाही. शिवाय आमच्या भागाचे मराठी पडद्यावर आजवर काय आले? बहुतांशी बोली आली आणि तीही हशा पिकवण्यासाठी. लक्ष्मण देशपांडे सरांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मधून एकट्याने आख्खे गाव रंगमंचावर उभे केले, तेव्हा त्या बोलीला विनोदासोबत माणसेही होती, नंतरच्यांनी विनोद उचलला आणि माणसे तेथेच सोडली. लोहा तालुक्यातला एक पोरगा नायक म्हणून गंभीरपणे उभा राहतो, या गोष्टीला काही वजन द्याल की नाही?

समीक्षकाने प्रेक्षकाचा भूगोल विसरू नये, एवढेच म्हणणे आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात घागरींच्या रांगेत उभा राहिलेला माणूस आणि पुण्याच्या वातानुकूलित पडद्यासमोर बसलेला माणूस हा चित्रपट एकाच डोळ्यांनी पाहणार नाहीत.

गंजगोलाई (लातूर)

त्या रांगेत मी होते. तरीही कंधारकर दादा, या वादात मी वेरूळकरांच्या बाजूने आहे. मला त्या उन्हाळ्यातले आठवते ते भांडण: टँकर आला की कोणाची घागर पुढे, कोणाचा नळीवर हक्क, नातेवाइकांच्या घरी पाहुणे म्हणून जायचीही चोरी, आणि रात्री दोन वाजता पाणी सुटले तर उठायचे कोणी, यावर घरोघरी झालेली धुसफूस. ‘पाणी’त टंचाईचे दुःख दिसते, पण टंचाईने माणसे एकमेकांशी किती हिशेबी होतात हे फारसे दिसत नाही. विषय आमचा आहे म्हणून तर माझी अपेक्षा अधिक आहे.

‘होमबाउंड’वर वेरूळकरांनी काहीच लिहिले नाही, याचे आश्चर्य वाटले. लातूर, बीड, परभणीत पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी पोरे ज्याने पाहिली आहेत, त्याला पोलीस भरतीच्या निकालाकडे डोळे लावून बसलेले ते दोन मित्र परके वाटणार नाहीत. माझ्याकडे शिकवणीला येणारे दोघेजण हा चित्रपट पाहून आले आणि त्यांच्यात वाद झाला तो एकाच गोष्टीवर: त्या मित्रांपैकी चंदन अर्जात आपली जात लपवतो, ते बरोबर की चूक. तो वाद मी मुद्दाम मिटवला नाही.

वेरूळकर (छत्रपती संभाजीनगर)

गंजगोलाईताईंनी माझे काम हलके केले. ‘होमबाउंड’ मागे ठेवण्याचे कारण असे की त्यावर दोन ओळींत लिहिणे मला जमत नाही. पत्रकार बशारत पीर यांच्या 2020 मधील लेखावरून नीरज घायवान यांनी हा चित्रपट केला, आणि टाळेबंदीतील पायपीट हा त्याचा शेवट असला तरी पहिला दीड तास त्या पायपिटीची कारणे मांडण्यात जातो. गणवेश मिळाला म्हणजे कोणी अपमान करणार नाही, या एका आशेवर शोएब आणि चंदन उभे आहेत. चंदनच्या आईच्या भेगाळलेल्या टाचा कॅमेरा आधी ओझरत्या दाखवतो; तो तपशील पुढे जेथे परत येतो, तेथे संवादाची गरज उरत नाही. एकच तक्रार नोंदवतो: काही प्रसंगांत पात्रे आपली व्यथा इतक्या नेटक्या वाक्यांत बोलतात की ती वाक्ये लेखकाची वाटतात.

कंधारकर, भूगोल विसरू नये हे मान्यच आहे. पण आपण उल्लेखिलेला ‘पहिले वर्ष कोणी येत नाही’ हा काळच मला चित्रपटात हवा होता. एकटा माणूस वर्षभर दगड रचतो, तेव्हा दुपारी तो काय खातो, संध्याकाळी पारावर कोणाच्या नजरा चुकवतो, हे दाखवले असते तर नंतरचे यश मलाही पुरेसे वाटले असते.

‘गोंधळ’ राहिला. लग्नानंतरच्या गोंधळाची एक रात्र आणि त्या रात्रीत शिजणारा कट, अशी संतोष डावखर यांच्या चित्रपटाची बांधणी आहे. 2025 च्या इफ्फीत, म्हणजे गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, त्यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा रौप्य मयूर मिळाला. तुळजापूर जवळ असल्याने संबळ, तुणतुणे आणि दिवटी यांचे अर्थ आपल्या सभासदांना समजावून सांगावे लागणार नाहीत, हा मोठा फायदा आहे. विधीची लय आणि गुन्ह्याची लय एकमेकींत मिसळतात तेथे चित्रपट उत्तम आहे; कटाचे धागे उलगडून सांगताना मात्र तो सैल पडतो.

पडदानशीन (परभणी)

एक व्यवहाराची गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. घरच्या ओटीटी वर्गणीवर सभागृहात चित्रपट दाखवता येत नाही. सार्वजनिक प्रदर्शनासाठी निर्माते किंवा वितरक यांची लेखी परवानगी लागते. छोट्या चित्रपटांचे दिग्दर्शक बहुधा आनंदाने उत्तर देतात, काहीजण चर्चेलाही येतात. मोठ्या निर्मितिसंस्थांकडून उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून पत्रे एकदमच पाठवावीत.

मांजराकाठ (अंबाजोगाई)

सर्वांचे आभार. पहिल्या महिन्यात ‘स्थळ’ आणि दुसऱ्या महिन्यात ‘पाणी’ असा क्रम ठरवत आहोत, म्हणजे वेरूळकर आणि कंधारकर यांच्यातील वाद आमच्या सभागृहात पुढे चालवता येईल. दोघांनाही दुसऱ्या चर्चेला यायचे निमंत्रण आहे. मुक्कामाची सोय आमच्याकडे आहे. ‘होमबाउंड’ भरतीची तयारी करणाऱ्या मुलांसाठी दुपारी वेगळा लावावा, असे एका सभासदांनी सुचवले आहे. ‘साबर बोंडं’वर मंडळात मतदान घ्यावे लागेल असे दिसते, आणि ते गुप्त असावे अशी मागणी आजच आली आहे.