बोअरच्या पाण्याला ऊन लागलं कुठं?

मलप्रभाकाठचा:
खानापूरजवळ आमचं शेत. पोरीनं एम.एस्सी.साठी आडाचं आणि बोअरचं पाणी तपासून घेतलं. आडाचं ऑक्सिजन-१८ (जड ऑक्सिजन) उणे २.५, ड्युटेरियम (जड हायड्रोजन) उणे ११, म्हणजे समुद्राच्या पाण्यापेक्षा हजारी एवढं कमी. बोअरचं उणे १.२ आणि उणे ६. पोरगी म्हणते, बाष्पीभवन. दोनशे फूट खाली कसलं बाष्पीभवन? माझं डोकंच चालंना.

चिकोडीकर:
काका, ड्युटेरियममधून ऑक्सिजनची आठपट वजा करा. पावसाचे हे दोन आकडे साधारण एका रेषेवर पडतात; क्रेग या शास्त्रज्ञानं १९६१ मध्ये मांडलेल्या त्या रेषेवर हे उत्तर १० येतं. तुमच्या आडाचं ९, म्हणजे जवळपास पाऊसच. बोअरचं ३.६. उघड्यावर वाफ होताना उरलेलं पाणी जड होतं, पण ऑक्सिजन-१८ त्या मानानं जास्त वाढतो, म्हणून हा आकडा घसरतो. ऊन खाली लागत नाही हो, झिरपण्याआधी लागतं. वरच्या अंगाला तळं आहे का?

अथणीची मास्तरीण:
नुसतं जड आहे म्हणून बाष्पीभवन म्हणू नका. वळवाच्या हलक्या सरींचं पाणीही बहुधा जुलैच्या मुसळधारेपेक्षा जड असतं. इथं घसरलेला ३.६ बाष्पीभवनच सांगतोय, हे खरं. पण बाटली कशी भरली होती?

मलप्रभाकाठचा:
बोअरची? अर्धीच. तीन दिवस गाडीत, उन्हात. झाकणही सैल होतं की काय कोण जाणे.

अथणीची मास्तरीण:
मग तळ्याला कशाला दोष देताय! वाफ बाटलीतच झाली असेल. परत भरा, काठोकाठ, बुडबुडा राहता कामा नये.

मलप्रभाकाठचा:
तळं आहे खरं, बोअरच्या वरच. उद्या तिन्हीकडचं भरतो.