मदत हवी आहे: सहा कारवानी कुत्री एका दावणीला, रोज गुंता, परवा एक मरता मरता वाचलं

माणदेशी_गडी
मंडळी, लवकर सल्ला द्या. माझ्याकडं कारवानी कुत्री आहेत, पळणारी शिकारी जात. सगळी एका लांब साखळीला बांधतो, बैलांच्या दावणीसारखी. मधे मधे कड्या घालून त्यात प्रत्येकाचं दावं अडकवलंय. रोज गुंता होतो. परवा पहाटे ओरडण्याचा आवाज आला म्हणून गेलो तर सोन्या आणि चंडीच्या साखळ्यांना पीळ पडून दोघांची तोंडं एकाला एक चिकटलेली. चंडीचे पुढचे पाय जमिनीला टेकत नव्हते, जीभ निळी पडलेली. पट्ट्याच्या बकलेवर एवढा ताण की बकलेतली पिन मागं सरेना. खुरप्यानं पट्टा कापला तेव्हा सुटली. पाच मिनिटं नुसती पडून होती.
मला एवढंच सांगा, साखळी किती जाड घ्यावी आणि गुंता होऊ नये म्हणून काय करावं. दोन दिवसांत सामान आणायला जायचंय.

तासगावकर
दादा, चंडी कशी आहे आता? आणि जाडीनं गुंता थांबत नसतो. कुत्री किती? मुख्य साखळी किती फूट, दावं किती फूट? जमीन काळी का मुरूम? टोकाला काय ठोकलंय?

माणदेशी_गडी
सहा. जागा भरपूर आहे. टोकाला पहारी ठोकल्यात. चंडी खातेय, आवाज बसलाय.

तासगावकर
जागा भरपूर हे उत्तर नव्हे. फूट सांगा.

माणदेशी_गडी
आत्ता मोजून आलो. मुख्य साखळी 30 फूट. दावी पाच पाच फुटांची.

अण्णा_जतकर
मग झालं की उत्तर. तीस फुटांत सहा कड्या म्हणजे दोन कड्यांत सहा फूट. पाच फुटी दाव्यावरचं कुत्रं कडीपासून डावीकडं पाच, उजवीकडं पाच फूट जातं. शेजारचंही तेवढंच. दोन कड्यांतलं अंतर दोन्ही दाव्यांच्या बेरजेपेक्षा जास्त पाहिजे, म्हणजे दहाच्या वर. तुमचं प्रत्येक कुत्रं शेजाऱ्याच्या अंगणात चार फूट घुसतंय. गुंता होणारच.
मी पस्तीस वर्षं कारवानी पाळतोय. दावं तीन फुटांचं करा, कड्या दहा दहा फुटांवर. सहाच्या वर तोंडं भेटत नाहीत मग दहा कशाला, असं विचाराल. कुत्रं फिरून उभं राहिलं की मागचं धड गळ्याच्या पुढं दोन-अडीच फूट जातं, पाय शेजारच्या साखळीत पडतो. शिवाय मुख्य साखळी सैल असली की कडीच बाजूला ओढली जाते, तेवढं अंतर वाढतं. पाच गाळे म्हणजे 50 फूट, दोन्ही टोकांना पाच पाच, एकूण 60. साखळी दुप्पट लागेल.

श्वानसखी_पुणे
मला हा धागा वाचून रडू आलं. कुत्र्यांना बांधूच नका ना! 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 मध्ये अवाजवी आखूड किंवा जड साखळीनं अवाजवी वेळ बांधणं हा गुन्हा आहे. नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही तर तोही. जाळीचं कुंपण करा आणि मोकळं सोडा. माझ्या दोन्ही मुली घरात पलंगावर झोपतात.

अण्णा_जतकर
ताई, कायदा बरोबर सांगितलात. पण कारवानी सहा फुटांची जाळी उभ्या उभ्या टपतं. शेजारी मेंढ्यांचा वाडा असतो. मोकळं सुटलेलं कुत्रं मेंढीमागं लागलं तर मेंढका गप्प बसत नाही, आणि त्याचंही खरं असतं. बांधावं लागतं. कसं बांधायचं ते नीट केलं पाहिजे, तेवढंच म्हणतोय.

श्वानसखी_पुणे
पण अण्णा, तीन फूट? त्यात कुत्र्यानं करायचं काय? लांब ठेवा ना. माझ्या मैत्रिणीकडं बंगल्यात वरून तार बांधली आहे, तिच्यावर कडी सरकते, कुत्रा 40 फूट पळतो.

अण्णा_जतकर
जर्मन शेफर्डला चालत असेल. ही पळणारी जात आहे. चार ढांगांत पूर्ण वेग घेते. लांब दाव्यावर ससा दिसला, मांजर दिसलं की सुसाट सुटतं आणि टोकाला सगळा झटका मानेवर. मी माझ्या पहिल्या नराची मान अशीच दुखावलेली बघितलीय, महिनाभर डोकं खाली घालून खात नव्हता, परात उंच धरावी लागायची. म्हणून दावं आखूड आणि पळणं वेगळं. सकाळ-संध्याकाळ सोडायचं, बरोबर जायचं.

भाऊ_इंदापूर
तारेचं मी करून बघितलंय. तारेवर एकावेळी एकच कुत्रं. दुसरं घातलं की कड्या एकमेकांना अडवतात. आणि पावसाळ्यात विजा होतात तेव्हा लोखंडी खांबांवरच्या उघड्या तारेला कुत्रं बांधून ठेवू नका.

डॉ_पशुमित्र
गडी, मी जनावरांचा डॉक्टर आहे. आधी तीन प्रश्न, उत्तर द्याच. दिवसात किती तास बांधता? सावली कशाची? सहांत माद्या किती, आणि पिल्लं आहेत का?

माणदेशी_गडी
डाळिंबाच्या तोडणीला बाया येतात, म्हणून सकाळी सात ते संध्याकाळी सहा. रात्री पण बांधतो, दोन तीन तास सोडतो. सावली पत्र्याच्या शेडची. माद्या तीन. एक आठ महिन्यांची आहे.

डॉ_पशुमित्र
म्हणजे बावीस-एकवीस तास बांधलेली. हे फार आहे, स्पष्ट सांगतो. गुंत्याचं मूळही इथंच आहे. पळायला न मिळालेलं कुत्रं कडीभोवती फेऱ्या घालत राहतं, फेऱ्यांनी साखळीला पीळ पडतो, पिळानं दावं आखूड होत जातं. अर्धा गुंता शेजाऱ्याशी असतो, अर्धा स्वतःशी.
पिळावर उपाय म्हणजे फिरकी, जागेवर गरगर फिरणारी कडी. दाव्याच्या दोन्ही टोकांना, एक कडीपाशी आणि एक पट्ट्यापाशी. एकच लावली आणि ती मातीनं जाम झाली की संपलं. दर आठवड्याला हातानं फिरवून बघा, तेलाचा थेंब सोडा.
पत्र्याची सावली उन्हाळ्यात भट्टी असते. या जातीच्या अंगावर चरबी नसते, कातडी पातळ. कडुलिंबाखाली किंवा पत्र्यावर उसाचं पाचट टाकून बांधा, खाली वाळू किंवा गोणपाट. कोपरांवर घट्टे पडलेत का बघा. पाण्याची बादली साखळीनं उलटते. मातीची कुंडी अर्धी जमिनीत पुरा, प्रत्येकाला वेगळी.
आठ महिन्यांच्या मादीला दावणीत घालू नका, मान आणि पाय अजून घडतायत. आणि माजावर आलेली मादी त्या ओळीत एक दिवसही नको. नर ताण देऊन मुख्य साखळी उपटतील.

रानवाट
बाकी सगळं ठीक, पण कारवानी सहा कशाला लागतात ते सांगा ना. शिकारीला नेता का? ससा, रानडुक्कर, काहीही मारलं तर 1972 चा वन्यजीव कायदा आहे. धागा त्या कामाला लागत असेल तर मला यात मदत करायची नाही.

माणदेशी_गडी
शिकार नाही करत. आजोबा करायचे, मी नाही. मका आणि डाळिंब आहे, डुकरं रात्रीत एकरभर लोळवून जातात. कुत्री भुंकतात, डुकरं ओढ्याकडं पळतात. एवढंच.

रानवाट
मग रात्री बांधता कशाला? राखण रात्रीची आणि कुत्री दावणीला?

माणदेशी_गडी
मोकळी सोडली की दोन किलोमीटर जातात. मागच्या वर्षी एक रस्त्यावर गाडीखाली गेलं.

भाऊ_इंदापूर
रात्री बांधण्याबद्दल एक सांगतो. आमच्याकडं उसात बिबट्या आहे. बांधलेलं कुत्रं त्याला आयतं ताट असतं, पळता येत नाही, आणि एकदा चव लागली की तो त्याच वस्तीवर येत राहतो. आमच्या शेजाऱ्याचं दाव्यावरचं कुत्रं नेलं, सकाळी नुसता पट्टा. धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो तो याचसाठी. तुमच्याकडं ऊस असेल तर रात्री बंद खोलीच पाहिजे.

मुधोळप्रेमी
कारवानी आणि मुधोळ एकच बरं का. मुधोळ संस्थानच्या मालोजीराजे घोरपड्यांनी ही जात जपली. 2005 साली टपाल खात्यानं चार देशी जातींची तिकिटं काढली त्यात मुधोळ होता. माझ्याकडं पश्मी पण आहे, याच जातीचा केसाळ प्रकार, कानाला झुपके असतात. पिल्लं हवी असल्यास निरोप टाका.

अण्णा_जतकर
मालोजीराजांचं काम मोठंच. पण इथं कुत्री सहा झाल्यात तेच आवरेना, त्यात पिल्लं नकोत.

अलास्कावासी
अँकरेजहून लिहितोय, मूळ साताऱ्याचा. इथं इडिटारोड या कुत्र्यांनी ओढायच्या बर्फगाड्यांच्या (स्लेजच्या) शर्यतीच्या सकाळी स्लेजवाल्यांचे ट्रक रस्त्यात उभे असतात. ट्रकच्या चारी बाजूंना कुत्री बांधलेली, प्रत्येकाचं दावं फूट दीड फूट. बारा चौदा कुत्री, गुंता शून्य, कारण कुणी कुणापर्यंत पोचतच नाही. पण मी एका स्लेजवाल्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, ही ओळ मुक्कामापुरती. घरी प्रत्येक कुत्र्याचा खांब वेगळा, त्याच्यावर फिरणारी कडी, शेजारी त्याची पेटी. गडी, सहा कुत्र्यांना एकच साखळी पाहिजे हे कुणी ठरवलं?

माणदेशी_गडी
कुणी नाही. वडील बैल असे बांधायचे म्हणून. मुरमात सहा पहारी जात नाहीत, दोन ठोकताना हात गेले.

तासगावकर
हां, आता कळलं. पहार ठोकूच नका. कुत्रं रोज हिसडतं, भोक मोठं होतं, पावसात सुटते. द्राक्षबागेत मांडवाच्या टोकाला आम्ही काय करतो? दोन-अडीच फुटांचा खड्डा, त्यात लांबट दगड आडवा, दगडाला जाड गॅल्व्हनाइज्ड तारेचा दुहेरी वेढा, तार वर काढायची आणि मुरूम पाणी मारून चोपायचा. टनावारी ताण घेतं ते, कुत्र्याचं काय. वर तारेला कडी. जमिनीवर टोचणारं टोक राहू देऊ नका, कुत्रं धावताना पोटात जाईल. सहा खड्डे, मजूर असतील तर एका दिवसाचं काम.

अण्णा_जतकर
हे एकदम पटलं, माझी दावण मागं घेतो. वेगळ्या दगडांवर वीस फुटांचं अंतर ठेवता येतं, आणि मग दावंही पाच सहा फूट चालेल. त्यापुढं नको. एक बघा, त्या गोलात काहीही उंच नको. ट्रॉली, दगडी कट्टा, शेडचा खांब, कुंपण. कारवानी कट्ट्यावर चढून पलीकडं उडी घेतं आणि दावं अडून लटकतं.
सामान: साखळी चार मिलिमीटरची बास, सहाची जड होते, मान ओढते. हूक ओतीव जस्ताचे घेऊ नका, हिसक्यानं तडकतात. पितळी खटक्याचे घ्या. फिरक्या सांगोल्याच्या बाजारात वासरांच्या साखळ्यांत मिळतात. पट्टा दोन इंच रुंद चामड्याचा. या जातीचं डोकं मानेपेक्षा बारीक, साधा पट्टा कानावरून निघतो.

गावठी_उपाय
जागेवर महिन्याला चुना टाकत जा, गोचीड आणि जंत दोन्ही मरतात.

डॉ_पशुमित्र
कळीचा चुना अजिबात टाकू नका, पंजे आणि जीभ भाजते. एका जागी बांधलेल्या कुत्र्यांत मातीतून अंकुशकृमी होतात हे खरं. त्यासाठी कुत्र्यांची घाण रोज उचला, जंताचं औषध द्या आणि दगड बारा पुरता आले तर दर दोन महिन्यांनी जागा बदला. गोचीडतापानं मी अशी धडधाकट कुत्री आठवड्यात गेलेली पाहिलीत. कान आणि बोटांच्या बेचक्या रोज हातानं चाचपा. रेबीजची लस दरवर्षी, सहाही जणांना.

माणदेशी_गडी
सगळ्यांचे आभार. काय केलं ते सांगतो.
सहा दगड पुरले, वीस फुटांवर, लिंबाच्या ओळीत. तासगावकर दादा म्हणाले तसंच. दावी पाच फुटी, दोन्हीकडं फिरकी. छोटीला बांधत नाही, घरात माझ्या आईजवळ असते, तिचा दगड रिकामा आहे. शेडच्या अर्ध्या भागाला भिंत होतीच, उरलेल्याला वरपर्यंत जाळी मारली. रात्री चार त्यात मोकळी, एक माझ्या खाटेपाशी, पाळीपाळीनं. डुकरांची चाहूल लागली की जाळीतूनही भुंकतात, तेवढ्यानं काम होतंय. पहाटे पाच ते सात ओढ्याच्या वाळूत सोडतो, मी मोटारसायकलवर मागं.
आज आठवा दिवस, गुंता नाही. चंडी पहिले तीन दिवस पट्टा हातात बघितला की शेपूट पोटात घालून मागं सरायची. आता तिला पट्टा न घालता आधी भाकर देतो, मग तिच्या मानेवर हात ठेवून बसतो, मग पट्टा. काल पहिल्यांदा स्वतः मान पुढं केली.
डॉक्टर, तिचा आवाज अजून घोगराच आहे. दाखवायला आणू का?

डॉ_पशुमित्र
आणा, उद्याच आणा. पट्टा घालू नका, छातीपट्ट्यावर आणा.