वोंग कार-वाईची ती दोघं भित्री नव्हती

गॅलरीतली
परवा इथं एकांनी वोंग कार-वाई ह्या दिग्दर्शकाच्या ‘इन द मूड फॉर लव्ह’ ह्या सिनेमाबद्दल लिहिलं : ‘दोन भित्री माणसं, एक जिना आणि बाईचे तंग कपडे. तोंड उघडलं असतं तर वीस मिनिटांत सिनेमा संपला असता.’ दोन दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहितेय.

गोष्ट १९६२ च्या हाँगकाँगमधली. दोघं शेजारी-शेजारी पोटभाडेकरू. तिचा नवरा आणि ह्याची बायको एकमेकांत गुंतलेत, हे त्यांना एका पर्सवरून आणि एका टायवरून उमगतं. ती त्याच्या खोलीत असताना घरमालक मंडळी अवचित येतात आणि माजाँगचा, म्हणजे चिनी सोंगट्यांचा, डाव मांडतात. दोघांत काही घडलेलं नाही, तरी रात्र सरते, दिवस उजाडतो आणि तिला दाराबाहेर पाऊल टाकता येत नाही. ह्याला भित्रेपणा म्हणणारा माणूस चाळीत राहिलेला नाही, एवढं मी खात्रीनं सांगते.

आमच्या परळच्या चाळीत एका गॅलरीवर वीस खोल्या. दुपारी दार नुसतं लोटलं तरी समोरची विचारायची, “बरं नाही का गं?” दहावीत असताना एकानं माझी भूमितीची वही परत केली. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं एकच ओळ : ‘सोमवारी पाणी लवकर येतं.’ सोमवारी पहाटे साडेचारला मी नळावर गेले. माझ्या दोन बादल्या भरेपर्यंत तो उभा होता. बोललो काहीच नाही. पुढं संप झाला, त्याचे वडील गिरणीत होते, वर्षभरात खोली विकून सगळे साताऱ्याकडं गेले. ती वही अजून माझ्याकडं आहे. ह्यात भित्रं कोण होतं, सांगा मला.

कांदिवली लोकल
ते मीच लिहिलं होतं, आणि मागे घेणार नाही. ताई, तुम्ही पुढं संसार केलात ना? माझ्या आत्यानं नाही केला. असंच कुणीतरी होतं, असंच कुणी काही बोललं नाही. ती गेल्यावर तिची ट्रंक मी उघडली. इस्त्री केलेला एक पुरुषाचा रुमाल निघाला, आमच्या घरातल्या कुणाचाच नव्हता. गप्प राहण्याला सुंदर म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. रोज संध्याकाळी एकटीपुरता कपभर चहा टाकणारी आत्या मी पाहिलीय.

बदली कामगाराचा मुलगा
सिनेमा मी पाहिलेला नाही. पण “संप झाला” असं पाऊस पडल्यासारखं काय लिहिता? १८ जानेवारी १९८२. सुमारे अडीच लाख माणसं.

डिलाईल रोड
आणि त्या अडीच लाखांचं वाटोळं कुणी केलं? डॉक्टर सामंतांनीच ना? माघार कधी घ्यायची हे नेत्याला कळायला हवं. माझ्या आईनं मंगळसूत्र मोडून आमचं रेशन भरलं.

बदली कामगाराचा मुलगा
तोंड सांभाळून बोला. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं एकाच युनियनला मान्यता दिलेली, कामगारांना ती नकोशी झाली होती तरी बोलणी तिच्याशीच. तो कायदा रद्द करा हीच तर मागणी होती. मालकांना गिरण्या नकोच होत्या. आज त्या जागांवर काय उभं आहे, लोअर परळला उतरून बघा. माझे वडील शेवटपर्यंत म्हणायचे, संप मागे घेतलेलाच नाही. अधिकृतपणे खरंच कधी घेतला गेला नाही.

डिलाईल रोड
जमिनीचं खरं आहे, तेवढं मान्य. पण आईचं मंगळसूत्र मालकानं मोडलं नव्हतं, आम्ही मोडलं होतं.

गॅलरीतली
दोघांनाही सांगते, हे विषयांतर नाही. तो गेला तो संपामुळंच. आम्ही बोललो असतो तरी त्याच्या वडिलांचा पगार सुरू झाला नसता.

आत्यांचं वाचून मात्र रात्री बराच वेळ बसून राहिले. त्यावर माझ्याकडं उत्तर नाही. फक्त एक : सिनेमात तो सिंगापूरला नोकरीला असतो आणि ती तिथं जाते, तो भाग परत बघा. तो नसताना त्याच्या खोलीत बसून येते. मग त्याच्या ऑफिसात फोन करते, तो उचलतो आणि ती बोलत नाही. घरी त्याला लिपस्टिक लागलेलं सिगारेटचं थोटूक सापडतं. इथं ना घरमालक, ना माजाँग. दिग्दर्शक मौनाची किंमतही दाखवतो, लपवत नाही.

कांदिवली लोकल
फोनचा प्रसंग काल रात्री पुन्हा पाहिला. ‘वीस मिनिटांत’ हे मी चुकीचं लिहिलं, तेवढं मागे घेतो. ‘भित्री’ नाही घेणार. त्याच्याकडं रिसीव्हर होता, तिच्याकडंही होता. आत्याकडं तर फोनच नव्हता.